‘अर्धसत्य’चा शेवट : वेलणकर आणि रामा शेट्टी

गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’ (१९८३) या हिंदी चित्रपटातला हा अखेरचा प्रसंग. फौजदार अनंत वेलणकरच्या (ओम पुरी) मारहाणीत कोठडीतला संशयित दगावतो. नोकरी वाचवायला तो रामा शेट्टीच्या (सदाशिव अमरापूरकर) दारी जातो. याच शेट्टीला अटक करायला गेला असताना वरच्या एका फोनमुळे त्याला हात हलवत परतावं लागलं होतं. शेट्टी मदतीला तयार होतो, पण आपला माणूस होऊन राहायच्या अटीवर. वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि थेट ठाण्यात जाऊन खुनाची कबुली देतो. कायद्याला जमलं नाही ते कायद्याच्या माणसाने गुन्हा करून केलं, ही या शेवटाची बोच.

मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार, तर अमरापूरकरांना फिल्मफेअर मिळालं.