आतला कॅमेरा, बाहेरचा कॅमेरा

हिप-हॉपच्या छायाचित्रांविषयी हल्ली एक मत सर्रास ऐकू येतं. ज्यांची संस्कृती, त्यांच्यातल्याच कोणी ती टिपावी. बाहेरचा टिपतो तेव्हा तो लुटतो. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याचा खंदा साक्षीदार ज्यो कॉन्झो, न्यूयॉर्कमधल्या साउथ ब्राँक्सचाच पोरगा. शाळकरी वयातच त्यानं ‘कोल्ड क्रश ब्रदर्स’ या रॅप गटाला टिपलं, कारण ती त्याची दोस्तमंडळी. परक्याला मिनतवाऱ्या करून जी जागा मिळाली नसती, ती त्याला आपसूक मिळाली.

पण त्याच्या शेजारी मार्था कूपर उभी करून बघा. ती वर्तमानपत्राची छायाचित्रकार, ग्राफिटी काढणाऱ्या पोरांशी नातंगोतं काही नाही. रस्त्यात भेटलेल्या एका मुलानं तिला आपली ग्राफिटीची वही दाखवली, मग डाँडी या नामांकित ग्राफिटीकाराकडे नेलं. पुढे डाँडीनं रात्री भुयारी रेल्वेचे डबे रंगवताना तिला सोबत घेतलं. रेल्वेवाले रंगवलेले डबे धुऊन काढत. फोटो निघाला तरच चित्र उरायचं. कॅमेऱ्याची गरज पोरांनाच होती. १९८४ मध्ये कूपर आणि हेन्री चाल्फंट यांचं ‘सबवे आर्ट’ हे पुस्तक निघालं. यात कोणी कोणाला लुटलं?

दूरचा दाखला नको असेल तर निपाणी घ्या. ‘आतला की बाहेरचा’ हा प्रश्न १९५६ पासून सीमाभागाच्या पाचवीला पुजलेला, तेव्हा तो इथंच तपासलेला बरा. १९८१ च्या तंबाखू आंदोलनानं निपाणी देशभर गाजली. शेतकरी नेते शरद जोशींचं नाव झालं, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी गेले. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांच्यावर १९८२ मध्ये चित्रपट झाला, ‘तंबाकू चाकीला ऊब आली’. तो करणारा ‘युगांतर’ गट बंगळूरचा. दिग्दर्शन दीपा धनराज यांचं, कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. सगळे बाहेरचे. पण चार महिने ते या बायांसोबत राहिले, त्यांचं ऐकून घेतलं, आणि घडून गेलेले प्रसंग बायांनी स्वतः कॅमेऱ्यापुढे पुन्हा उभे केले. बंगळूरच्या गटानं चित्रपट ठेवला तो बायांच्या मराठीत. सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, देव जाणे.

कोणी म्हणेल, संमती मिळाली म्हणून बरोबरी होत नाही. कबूल. पण आतल्याचीच वाट पाहिली असती तर रोजंदारीवरच्या बाईनं फिल्मचा कॅमेरा आणायचा कुठून? आणि आतला म्हणायचं तरी कोणाला? वखारमालकही गावातलाच की!

पूर्वपक्षाचं एक गाऱ्हाणं मात्र खरं आहे, ते जपणुकीचं: ठेवा शेवटी बाहेरच्यांच्याच हाती जातो. निपाणीचा चित्रपट बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेनं डिजिटल रूपात वाचवला. पण कॉन्झोचा संग्रहही शेवटी कॉर्नेल विद्यापीठातच गेला. ‘आतला’ असून त्यात फरक पडला नाही. तेव्हा जाब विचारायचाच तर तो कॅमेरा धरणाऱ्याला कशाला, आपल्या वाचनालयांना आणि कॉलेजांना विचारा.