हुगळीच्या पात्रातून कोलकाता दर्शन

कोलकाता शहराची जडणघडण समजून घेण्यासाठी हुगळी नदीतील नौकाविहार हा उत्तम मार्ग आहे. गंगेचा फाटा असलेल्या या नदीच्या पूर्व तीरावर कोलकाता, तर पश्चिम तीरावर हावडा वसले आहे.

दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना १९९२ मध्ये वाहतुकीस खुला झालेला विद्यासागर सेतू प्रथम दृष्टीस पडतो. त्याच्यालगतच ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारे जेम्स प्रिन्सेप यांच्या स्मरणार्थ बांधलेला घाट आहे. पुढे १९४३ मध्ये खुला झालेला हावडा पूल लागतो. सुमारे ७०५ मीटर लांबीच्या या पुलाला नदीपात्रात एकही खांब नसल्याने नौकांचा मार्ग मोकळा राहतो. १९६५ मध्ये त्याचे रवींद्र सेतू असे नामकरण करण्यात आले. त्यानंतर पश्चिम तीरावर स्वामी विवेकानंदांनी स्थापन केलेला बेलूर मठ आणि पूर्व तीरावर राणी रासमणी यांनी उभारलेले, १८५५ मधील दक्षिणेश्वर काली मंदिर येते.

हा जलमार्ग मात्र निसर्गाच्या भरवशावर टिकलेला नाही. गाळामुळे पात्र उथळ होऊ लागल्याने गंगेचे पाणी हुगळीत वळवण्यासाठी फराक्का बंधारा बांधण्यात आला. तो १९७५ मध्ये कार्यान्वित झाला. गाळ उपसण्याचे काम आजही करावे लागते. मार्च २०२४ पासून नदीखालील बोगद्यातून मेट्रो धावत असून, हावड्याहून कोलकात्यास काही मिनिटांत पोहोचता येते. मात्र त्या प्रवासात नदी दिसत नाही. तिच्या दर्शनासाठी नौकेतच बसावे लागते.