मेंढा गावची बैठक

इतिहास म्हटला म्हणजे राजे, गड आणि लढाया, असे आपण शाळेत शिकलो. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले, तेव्हा याहून निराळा इतिहास मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण संसारातून सवड मिळेल तसे वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागले आणि एका लहानशा गावाची हकीकत हाती आली. त्या गावात ना राजा झाला, ना लढाई झाली. तेथील माणसे एकत्र बसली आणि आपल्या गावाचे काय करावयाचे हे बोलत राहिली, इतकेच. तरीही त्या गावाचे नाव दिल्लीपर्यंत पोचले. आपल्या मंडळाच्या वाढदिवसाच्या या अंकात त्या गावाची गोष्ट सांगावी असे वाटले, कारण आपलेही मंडळ बोलण्यासाठी एकत्र बसणाऱ्या बायकांतूनच उभे राहिले आहे.

गावाचे नाव मेंढा. शेजारच्या लेखा गावावरून त्याला मेंढा (लेखा) असे म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात ते आहे. वस्ती गोंड लोकांची, शंभराच्या आतबाहेर घरे आणि भोवती दाट जंगल. भाताची शेती आणि जंगलातील मोह, तेंदू, चारोळी, मध, बांबू यांवर त्यांचा संसार चालतो. आपल्याकडे दळण संपले की आपण गिरणीकडे वळतो, तसे त्यांच्याकडे काही संपले की पावले जंगलाकडे वळतात. जंगल हे त्यांचे कोठार. मात्र या कोठाराची किल्ली पुष्कळ वर्षे त्यांच्या हाती नव्हती. जमीनदारी गेली तेव्हा जंगल सरकारी खात्याकडे आले आणि ज्यांच्या आजापणजांनी ते सांभाळले, त्यांनाच एक बांबू तोडावयाचा तर चोरासारखे जावे लागू लागले.

पुढे आणखी मोठे संकट आले. गोदावरीवर इंचमपल्ली येथे आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम येथे मोठी धरणे बांधण्याचे घाटू लागले. ती झाली असती तर पुष्कळ जंगल आणि पुष्कळ गावे पाण्याखाली गेली असती. त्याविरुद्ध १९८० नंतरच्या काळात ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ हे आंदोलन उभे राहिले. आदिवासींचे पुढारी लालश्याम शहा महाराज आणि कुष्ठरोग्यांची सेवा करणारे बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. १९८५ च्या सुमारास ती धरणे बाजूला पडली.

आंदोलन संपले की माणसे घरोघरी जातात आणि सारे पूर्वीसारखे होते, हा आपला नेहमीचा अनुभव. मेंढ्यात तसे झाले नाही. त्या आंदोलनात गोंडी भाषेतील एक घोषणा होती, ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य. मेंढ्याच्या लोकांनी ती मनावर घेतली. पुढे त्यांनी मराठीत म्हटले, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गावातील देवाजी तोफा यांचे नाव या कामात सर्वतोमुखी झाले. बाहेरून मोहन हिराबाई हिरालाल नावाचे सर्वोदयी कार्यकर्ते त्यांच्या सोबतीस आले. (त्यांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी आहे, याची भगिनींनी अवश्य नोंद घ्यावी!) ज्या गावात सर्वांच्या संमतीने निर्णय होतात असे गाव ते शोधत होते.

आता मुख्य गोष्ट सांगते. ‘आम्हीच सरकार’ असे भिंतीवर लिहिणे सोपे आहे. पण सरकार चालवावयाचे म्हणजे काय करावयाचे? मेंढ्याच्या लोकांनी त्यासाठी दोन बैठका निरनिराळ्या ठेवल्या. एक ग्रामसभा आणि दुसरी अभ्यासगट.

अभ्यासगट म्हणजे नुसते बोलावयाचे, समजून घ्यावयाचे, प्रश्न विचारावयाचे. तेथे कोणीही यावे, बाहेरच्या जाणत्या माणसानेही यावे. जंगलाचा कायदा काय म्हणतो, कागदावर कोणाचा हक्क किती, मधमाश्या न मारता मध कसा काढावा, असे विषय तेथे निघत. पण निर्णय तेथे व्हावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेतच, आणि तोही गावच्या लोकांनीच घ्यावयाचा. बाहेरचा माणूस कितीही शिकलेला असो, त्याने माहिती द्यावी आणि गप्प बसावे.

ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे काय होते? एकाच बैठकीत विषय निघतो, तेथेच प्रथम कळतो, तेथेच वाद होतो आणि ‘चला, उशीर झाला, कुकर लावायचा आहे’ म्हणून तेथेच निर्णय होतो. मग जिने विषय नीट ऐकलाही नाही, तिचाही हात वर गेलेला असतो.

दुसरी रीत याहून अवघड. मेंढ्यात हात मोजत नाहीत. बहुमताने निर्णय करावयाचाच नाही, सर्वांच्या संमतीने करावयाचा. एकाचे जरी मन मानत नसले तरी विषय पुढच्या सभेवर टाकावयाचा, त्याला समजावून सांगावयाचे किंवा त्याचे म्हणणे आपण समजून घ्यावयाचे. तुम्ही म्हणाल, मग एखादा हेकट माणूस साऱ्या गावाला वेठीस धरील! मलाही वाचताना प्रथम तसेच वाटले. पण विचार केला तेव्हा ध्यानात आले की, जेथे रोज एकमेकांची तोंडे पाहावयाची असतात तेथे नुसता हेका फार दिवस चालत नाही. आपण ‘नाही’ का म्हणतो ते चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कारण खरे असेल तर ते इतरांना पटते, आणि खरे नसेल तर सांगणाऱ्यालाच लाज वाटू लागते.

दारूचे उदाहरण घ्या. मेंढ्यात दारूचा त्रास बायकांना होता, हे सांगावयास नकोच. गोंड लोकांत मोहाची दारू देवाच्या पूजेलाही लागते, म्हणजे हा नुसत्या व्यसनाचा नव्हे, तर रीतिरिवाजाचाही प्रश्न. बायकांनी तो लावून धरला. निर्णय एका बैठकीत झाला नाही, पुष्कळ दिवस बोलणे चालले. पण ज्या दिवशी दारूबंदीला साऱ्या गावाची संमती मिळाली, त्या दिवशी ती पिणाऱ्यांचीही संमती होती. बायकांनी पुरुषांवर लादलेली बंदी आणि पुरुषांनी स्वतः तोंडाने कबूल केलेली बंदी यांत केवढा फरक आहे, हे ज्या भगिनींनी भोगले आहे त्यांना मी काय सांगावे!

घोटुलाची हकीकतही अशीच. घोटुल म्हणजे गोंडांच्या तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याचे, रीतभात शिकण्याचे घर. मेंढ्याच्या लोकांनी जंगलातील लाकडे आणून ते पुन्हा बांधले. जंगल खात्याने लाकूड बेकायदा म्हणून ते उतरविले. तेव्हा आसपासची गावे एकत्र बसली आणि गावोगावी घोटुल उभारण्याचे ठरले. एका गावाचे घर उतरविता येते, पण अनेक गावांची कशी उतरविणार? कोणावर हात न उगारता गावकऱ्यांनी ही गोष्ट तडीस नेली.

कागदाच्या गिरणीसाठी या भागातील बांबू कराराने तोडला जात असे. गिरणीचे मजूर बांबू तोडताना त्याचे बेट उद्या उरेल की नाही याचा विचार करीत नसत. गावाने त्याला अटकाव केला. पण त्याबरोबर स्वतःलाही नियम घातले, हे महत्त्वाचे. जंगलाला आग लावावयाची नाही, अतिक्रमण करावयाचे नाही, घराला लागेल तेवढेच आणावयाचे, आणि बाहेरच्याने ग्रामसभेला विचारल्यावाचून काही न्यावयाचे नाही. दुसऱ्याला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्यांनी असा आधी स्वतःला ‘नको’ म्हणून मिळविला.

अशी वीस वर्षे गेली. मग २००६ साली दिल्लीत वनहक्कांचा कायदा झाला. जी गावे पिढ्यान्‌पिढ्या जंगल वापरत आणि राखत आली, त्यांचा त्या जंगलावरचा सामूहिक हक्क या कायद्याने मानला. कायदा साऱ्या देशासाठी होता. पण हक्क मागावयाचा तर सभा भरवावी लागते, सीमा दाखवाव्या लागतात, पुरावे जमवावे लागतात, ठराव लिहावे लागतात. ज्या गावात माणसे कधी एकत्र बसलीच नाहीत, त्यांनी हे एकाएकी कसे करावे? मेंढ्याला मात्र नवे काही शिकावे लागले नाही. २००९ साली मेंढ्याला १,८०९.६१ हेक्टर, म्हणजे साडेचार हजार एकरांच्या जवळपास जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आहे.

तरी कटकट संपली नव्हती. बांबू विकावयाचा तर तो गावाबाहेर नेण्यास वाहतुकीचा परवाना लागतो, आणि परवाना देण्याचा अधिकार खाते सोडीना. बांबू हे गौण वनोपज की लाकूड, हा वाद! नव्या कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला होता. लोकांनी तो कायदा अभ्यासगटात वाचलेला होता, म्हणून ते मागे हटले नाहीत. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रातील तेव्हाचे पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मंत्री गावात आले याचे कौतुक आहेच, पण गाव मंत्र्यांच्या दारात हात जोडून उभे राहिले नाही, याचे मला अधिक वाटते. पुढे २०१३ साली गावाने ग्रामदानही केले. शेते ज्याची त्याने कसावी, पण मालकी साऱ्या गावाची, ही विनोबांनी सांगितलेली गोष्ट. आपली जमीन गावाच्या नावे करण्यास माणूस उगाच तयार होत नाही. आपले ऐकून घेतले जाईल असा वर्षानुवर्षांचा विश्वास त्यामागे लागतो.

बायकांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. वनहक्क कायद्याच्या २०१२ सालच्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे लोक हजर लागतात आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. मेंढ्याच्या बायका त्याआधीपासून सभेत बसत आणि बोलत आल्या आहेत. सरपण आणणारी, मोह वेचणारी, पाणी भरणारी बाईच असते. तिला विचारल्यावाचून जंगलाचा निर्णय करणे म्हणजे स्वयंपाकघरात कधी न गेलेल्या माणसाने डब्यांच्या जागा ठरविण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे पाहू. आपण काही जंगलात राहत नाही. मेंढ्यात एकाच समाजाची माणसे, एकमेकांच्या नात्यागोत्यातली. आपल्या गल्लीत कोकणातले, देशावरचे, खानदेशातले, परप्रांतातलेही आहेत. कोणी मालक, कोणी भाडेकरू. त्यांचे सारेच आपल्याला जमेल असे मी म्हणत नाही. पण आपल्या घंटागाडीची गोष्ट आठवा. ओला आणि सुका कचरा निराळा ठेवावयाचा, असा ठराव आपण मागे हात मोजून केला. अकरा विरुद्ध सात. आपल्याला वाटले, जिंकलो. पण त्या सात घरांतून आजही एकाच पिशवीत सारा कचरा येतो आणि त्या भगिनी बैठकीला येईनाशा झाल्या आहेत. त्यांच्यापैकी एकींनी मला जिन्यात सांगितले, “अहो, आमच्या एका खोलीत दोन बादल्या ठेवायच्या कुठे, एवढंच आम्ही विचारत होतो.” त्यांचा विरोध कचऱ्याला नव्हता, जागेला होता. आणखी एक बैठक आपण थांबलो असतो तर जिन्याखाली दोन मोठ्या बादल्या ठेवण्याचा उपाय तेव्हाच निघाला असता.

यंदा आपल्यापुढे याहून मोठा प्रश्न आहे. मंडळाची खालची खोली दुकानाला भाड्याने द्यावी, की तेथे कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर काढावे? भाड्याने दिली तर मंडळाची शिल्लक वाढेल, पाळणाघर काढले तर दहा-बारा घरांची सोय होईल. दोन्ही बाजूंना शहाण्या भगिनी आहेत आणि दोन्ही बाजूंना आत्तापासून कुजबूज चालू आहे. हात मोजले तर निकाल दहा मिनिटांत लागेल, यात शंका नाही. पण जी बाजू हरेल ती पुढच्या हळदीकुंकवाला येईल का?

माझी एवढीच विनंती आहे. वर्धापनदिनानंतरच्या पहिल्या बैठकीत काही ठरवू नये. ती बैठक अभ्यासाची असावी. भाडे किती येईल, पाळणाघराला बाई किती पगार घेईल, पालिकेची परवानगी काय लागते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना बोलवावे आणि सर्वांनी नुसते ऐकावे, विचारावे. ठरविण्याची बैठक निराळी घ्यावी, आणि त्या सात घरांच्या भगिनींना आपण स्वतः जाऊन बोलावून आणावे. दोन महिने लागतील, कदाचित चार लागतील. खोली काही पळून जात नाही.

— मंडळाची एक सभासद