सुईण, आरोग्यसेविका आणि जामखेड

ब्रिटनमध्ये आपल्या घरांतील लेकी-सुनांची बाळंतपणे होतात, तेव्हा ‘मिडवाइफ’ हा शब्द कानावर पडतो. ही बाई शिकलेली, नोंदणीकृत, पगारदार असते आणि तिच्या शब्दाला रुग्णालयात वजन असते. इंग्लंडने १९०२ साली कायदा करून या व्यवसायाला प्रशिक्षणाची व नोंदणीची चौकट दिली. गावाहून आलेल्या आजीला या शब्दाचा अर्थ सांगताना आपण ‘सुईण’ म्हणतो, आणि आजीच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहते. दोन्ही बायांचे काम एकच; पण एकीच्या हातांना प्रतिष्ठा मिळाली आणि दुसरीच्या हातांना विटाळ चिकटला. या फरकाचा इतिहास आपल्या समाजाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

महाराष्ट्रातील अनेक गावांत सुईणपण हे मातंग स्त्रियांकडे, तर काही ठिकाणी इतर हीन मानलेल्या जातींतील स्त्रियांकडे असे. बाळंतिणीच्या खोलीत ती एरवी ज्या घराच्या उंबऱ्याशीही जाऊ शकत नसे, त्या घरातील बाळ पहिल्यांदा तिच्याच हातात येई. नाळ तिने कापायची, वार तिने पुरायची. बाळंतिणीचा विटाळ दहा-बारा दिवसांत फिटे. सुईणीचा कधीच फिटत नसे. मोबदला म्हणून पसाभर धान्य, एखादे जुने लुगडे. तिच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, हे खरे. पण विळ्याने किंवा हाताशी असेल त्या धारेने नाळ कापल्यामुळे नवजात अर्भके धनुर्वाताने दगावत, हेही तितकेच खरे आहे. जुन्या सुईणीचे आंधळे कौतुक करणाऱ्या अलीकडच्या लेखनात ही दुसरी बाजू बहुधा गाळली जाते.

आणि त्या सुईणीचे स्वतःचे बाळंतपण? जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आपल्या जातीच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, हा प्रश्न त्या किशोरवयीन मुलीने विचारला. मराठीतील दलित स्त्रीचे हे पहिले छापील लेखन मानले जाते. त्यात धर्मचिकित्सा आहे, तसाच बाळंतपणाचा प्रश्नही आहे, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कायद्याच्या पातळीवर नेला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब ठरवली. स्त्रीच्या श्रमातून ज्याला लाभ होतो त्या मालकाने तिच्या विश्रांतीचा भार उचलला पाहिजे आणि सरकारनेही आपला वाटा उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ चा मुंबईचा कायदा त्यातून आला. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे नगर जिल्ह्यातील आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव मांडला. त्या भाषणामागे बाबासाहेबांची लेखणी होती. ठराव मात्र फेटाळला गेला. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांच्या सवलती, मुलींसाठी वसतिगृहे असे ठराव झाले. जमलेल्या हजारो स्त्रियांना बाबासाहेबांनी स्वच्छता, शिक्षण आणि कमी मुले यांविषयी वडीलधाऱ्याच्या मोकळेपणाने सांगितले.

तरीही एक उणीव राहिली. प्रसूती लाभाचा कायदा गिरणी-कारखान्यांतील स्त्रीपर्यंत पोहोचला. दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचला नाही. तिला मालक एक नव्हता, हजेरीपट नव्हता, दवाखाना तर कोसांवर होता. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा एक गंभीर प्रयत्न पुढे रोहम यांच्याच जिल्ह्यात झाला.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन परतलेले. हा आंबेडकरी चळवळीचा उपक्रम नव्हता, ख्रिस्ती डॉक्टरांचा होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रारंभी त्यांनी गावांत प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या. त्या बाहेरच्या, तरुण, एकट्या. गाव त्यांच्याशी मोकळे होईना आणि त्यांना गावात राहवेना. तेव्हा गावातलीच एक बाई निवडून तिला शिकवायचे ठरले. निवडल्या गेलेल्यांपैकी पुष्कळजणी निरक्षर होत्या आणि त्यांत दलित स्त्रियांचे प्रमाण मोठे होते.

प्रशिक्षणाची रीत समजून घेण्याजोगी आहे. या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येत, एकत्र मुक्काम करीत, एकत्र रांधून एकत्र जेवत. त्यांत मराठा होत्या, महार होत्या, मांग होत्या. पहिल्या पंगतींना कुरबुर झाली नसेल असे कुणी समजू नये. पण गावी परतताना प्रत्येकीच्या पिशवीत तेच ज्ञान असे: गरोदर बाईची तपासणी कशी करावी, निर्जंतुक पाते आणि दोरा का वापरावा, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, पहिले चिकाचे दूध टाकून न देता बाळाला का पाजावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा. अक्षर न येणारी बाई हे सारे पाठ करी आणि घरोघरी सांगे. शिकवण्याचा बराचसा वेळ आजारांवर जात नसे. ‘मी कोण आहे’ हे त्या बाईला स्वतःच्या तोंडून उच्चारायला लावण्यात जाई. नवऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीला उभे राहून स्वतःचे नाव सांगायला लावणे हा तिथे शिक्षणाचा पहिला धडा होता.

पाण्याची गोष्टही यातच येते. १९७२ च्या दुष्काळात कूपनलिका खोदायच्या होत्या. आरोळे दांपत्याने जागा मुद्दाम दलित वस्तीत निवडल्या. पाण्यासाठी आता गावालाच वस्तीकडे यावे लागणार होते. चवदार तळ्याची आठवण असणाऱ्यांना या निवडीचा अर्थ वेगळा सांगायला नको. अर्थात मार्ग निराळा होता: महाडला हक्क उघडपणे मागितला गेला, इथे तो जमिनीखालच्या झऱ्यांच्या निमित्ताने, गावाला फारसे न सांगता, पदरात पाडून घेतला गेला. मला महाडचा मार्ग अधिक स्वाभिमानाचा वाटतो. पण तहानलेल्या बाईच्या दृष्टीने कूपनलिकेचेही मोल कमी नाही.

आरोग्यसेविकेच्या शब्दाला वजन यायचे तर तिचे पोट तिच्या हातात हवे, हेही तिथे लवकर लक्षात आले. महिला मंडळे उभी राहिली, छोटी कर्जे मिळाली. कुणी शेळ्या घेतल्या, कुणी बांगड्यांचा, कुणी सुक्या मासळीचा धंदा केला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ च्या सुमारास त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पाच वर्षांत हा आकडा ५२ पर्यंत उतरला आणि नव्वदच्या दशकात तिशीच्या आत आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील अशा प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारावर नाव डॉक्टरांचे आले, ते स्वाभाविक आहे. पण अर्भके वाचली ती बहुतांशी त्या निरक्षर बायांच्या पायपिटीने.

इथे आपल्या चळवळीच्या दृष्टीने एक अवघड प्रश्न उभा राहतो. बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली. मेलेली ढोरे ओढणे, वर्दी देणे, भाकरी मागणे सारे सोडले गेले, आणि त्यातून आपण माणूस म्हणून उभे राहिलो. मग बाळंतपणाच्या कामाकडे दलित स्त्रीने पुन्हा वळणे हे मागे जाणे नव्हते काय? अनेक कार्यकर्त्यांना तसे वाटणे स्वाभाविक होते. माझे मत असे की प्रश्न कामाचा नव्हता, काम कोणत्या नात्याने केले जाते याचा होता. बलुत्याची सुईण बोलावल्यावर येई, सांगितले ते करी, मागल्या दाराने परत जाई. जामखेडची सेविका न बोलावताही घरात जाई, सासूला विरोध करी, सवर्ण घरातील गरोदर सुनेच्या पोटावर हात ठेवून सांगे की हिला दवाखान्यात न्यायला हवे, आणि घर ऐके. विटाळ जपणाऱ्या घराने अखेरीस ज्ञान मानले. हे सर्वत्र, सर्व घरांत झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. काही घरांत झाले एवढेही थोडे नव्हे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव ‘आशा’ सेविका आल्या. जामखेडसारख्या प्रयोगांचा वारसा त्यात आहे, पण दोन गोष्टी वाटेत गळाल्या. आशासाठी साधारण आठवी शिकलेली बाई हवी अशी अट आली. ती शिथिल करता येत असली तरी जामखेडच्या पहिल्या पिढीतील कित्येकजणी तिच्यापाशीच अडल्या असत्या. दुसरी गोष्ट मोबदल्याची. आशा ही कर्मचारी नव्हे तर स्वयंसेविका मानली गेली. तिला पगार नाही, कामागणिक मानधन. कोविडच्या काळात घरोघरी जाऊन तपासणी केली ती याच स्त्रियांनी. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, २०२३ च्या उत्तरार्धात, महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीसाठी संपावर होत्या. स्त्रीच्या श्रमातून ज्याला लाभ होतो त्याने भार उचलावा, हे १९२८ सालचे म्हणणे त्यांच्या बाबतीत लावायचे झाले तर मालक सरकारच ठरते.