सिंदखेडचे वाडे आणि राजे जाधव

बुलढाणा जिल्ह्यात 'राजा' हे उपपद मिरविणारी तीन गावे सर्वांस ठाऊक आहेत : पिंपळगाव राजा, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा. सिंदखेडचे राजे म्हणजे जाधव. देवगिरीच्या यादवांशी ते आपले कुळ जोडीत.

जीर्णोद्धाराच्या निमित्ताने त्या गावाचे स्मरण केले तर वाड्याआधी नीळकंठेश्वराचे देवालय डोळ्यांसमोर येते. हे देऊळ लखुजीराव जाधवांच्या काळीही जुनेच होते. त्यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले आणि तसा शिलालेख पायथ्याशी बसविला. समोर चौकोनी बारव असून तिच्या पायऱ्या थेट तळापर्यंत उतरतात. रामेश्वराचे हेमाडपंती देऊळही पुरातन आहे. पाण्याची तजवीज तर पाहण्यासारखीच. मोती तलावाच्या बांधाची दर्शनी बाजू किल्ल्याच्या तटासारखी बांधलेली. चांदणी तलावाच्या ऐन मध्यावर इमारत. शिवाय सजना बारव आणि शिल्पांनी भरलेली पुतळा बारव. ज्या धन्याला रयतेच्या घागरीची काळजी, त्याचे नाव उगीच टिकत नाही!

लखुजीरावांच्या भुईकोट वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला. १२ जानेवारी १५९८ हा तो दिवस मानतात. जिजाऊ आणि शहाजी लहान असताना जवळच्याच रंगमहालात रंगपंचमीला एकमेकांवर रंग उडवीत होते आणि तेथेच सोयरिकीचा विषय निघाला, असे परंपरा सांगते. पुढे विवाह झाला खरा, पण दोन्ही घराण्यांत रक्त सांडले. निजामशाही दरबार सुटताना खंडागळे यांचा हत्ती बिथरला. त्या गोंधळात लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी आणि शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी असे दोघेही ठार झाले. परमानंदाच्या 'शिवभारता'त ही हकीकत आली आहे. माहेर आणि सासर यांच्यामध्ये जिजाऊंनी काय सोसले असेल, याची कल्पनाच करावी.

लखुजीराव मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीकडे आले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस दरबारात दगा होऊन ते स्वतः, पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघे मारले गेले. एका दिवसात घराण्याच्या तीन पिढ्यांवर घाव पडला. या प्रकारानंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडली. सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. आजोबांना नातू पाहता आला नाही. सिंदखेडात लखुजीरावांची घुमटाची भव्य समाधी उभी आहे.

घराणे मात्र संपले नाही. १७५७ साली निजामाचे सरदार रामचंद्र जाधव याच सिंदखेडात पेशव्यांच्या फौजांच्या वेढ्यात सापडले होते. लखुजीरावांचेच वंशज, पण निशाण निजामाचे आणि समोर मराठे! त्या काळच्या सरदारीचा हा पेच आज उमगणे कठीण.

वाड्याचा पुष्कळ भाग आता पडला आहे. काळाकोटाच्या जाडजूड भिंती मात्र अजून दिसतात. दर १२ जानेवारीस जिजाऊ जन्मोत्सवाला गावोगावचे लोक सिंदखेडी लोटतात आणि वाड्यातल्या जन्मस्थळी माथा टेकतात. नीळकंठेश्वराच्या पायथ्याचा लेख वाचायला थांबणारे थोडेच.