मंगळावर टिकलेली शिवण

आम्ही पडलो कामगार चळवळीतले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात. तेव्हा मंगळाचा इतिहास आम्ही सांगणार तो शिलाईच्या बाजूने.

१९६६ च्या ३ फेब्रुवारीस सोव्हिएत रशियाच्या लूना ९ यानाने हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेली कुपी चंद्रावर टाकली आणि ती शाबूत राहिली. पुढे अमेरिकेने हीच युक्ती मंगळासाठी योजली. तिथली हवा फार विरळ. हवाई छत्री आणि अग्निबाण यांनी वेग मोडला तरी शेवटचा धक्का उरतोच. तो पिशव्यांनी झेलायचा. पण चाचणीत खडकांवर आपटून पिशव्या फाटल्या! मग कापड बदलले, व्हेक्ट्रान नावाच्या चिवट धाग्याचे थरावर थर चढवले. हे काम झाले आयएलसी डोव्हर कंपनीत. अपोलोच्या चांद्रवीरांचे पोशाखही तिथेच शिवलेले.

४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर मंगळावर आदळले, निदान १५ उसळ्या घेऊन थांबले आणि आतली १०.५ किलोची सोजर्नर गाडी सुखरूप राहिली. २००४ साली आणखी दोन गाड्या अशाच उतरल्या. २०१२ ची क्युरिऑसिटी मात्र सुमारे ९०० किलोंची. तिचा भार पिशव्यांना पेलणारा नव्हता.

शास्त्रज्ञांची नावे इतिहासात राहतात, राहावीतच. पण शिवण उसवली असती तर त्यांचे गणित मंगळाच्या धुळीत गेले असते. आमची मागणी एवढीच: इतिहास लिहिणाऱ्याने कारखान्याचे हजेरीबुकही चाळावे.