जॉबर ते कौशल्य केंद्र : मुंबईतल्या प्रशिक्षणाचा आणि रोजगाराचा इतिहास

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. यंत्रावर काम करणाऱ्या माणसांची मुंबईला मोठ्या संख्येने गरज लागू लागली ती तेव्हापासून. ही माणसे कोकणातून आणि घाटावरून आली. रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांचा त्यात मोठा वाटा होता. नांगर धरलेल्या या हातांना साचा (म्हणजे यंत्रमाग) आणि धोटा चालवायला कोणत्याही शाळेने शिकवले नाही. माणूस शोधणे, त्याला कामाला लावणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे आणि नको झाला की काढून टाकणे ही सगळी कामे एकाच माणसाच्या हातात होती. त्याला जॉबर म्हणत. बायका काम करत त्या खात्यांत हीच जागा नाईकिणीची होती.

शिकण्याची रीत साधी होती. गावाहून आलेला पोरगा गाववाल्यांच्या खोलीत उतरे, खानावळीत जेवे आणि चुलत्याच्या किंवा मामाच्या साच्याशेजारी उभा राहून काम पाहत असे. तुटलेला धागा जोडणे, कांडी बदलणे, साचा थांबवणे ही कामे हळूहळू त्याच्या हातात बसत. या काळात त्याला बहुधा पगार नसे. एखाद्या दिवशी कोणी गैरहजर राहिले आणि जॉबरची मर्जी असली, की तो बदली म्हणून उभा राही. त्या मर्जीची किंमत दस्तुरीच्या रूपाने मोजावी लागे. अनेक जॉबर कामगारांना व्याजाने पैसे देत, काही जण खोल्याही मिळवून देत. त्यामुळे गिरणीबाहेरही कामगार त्यांच्या मुठीत राहत. ही व्यवस्था पिळवणुकीचीच होती. तरी तिच्यातली एक गोष्ट पुढच्या सरकारी योजनांना क्वचितच साधली : जितकी माणसे लागत, साधारण तितकीच शिकत, आणि ज्या यंत्रावर काम करायचे त्याच यंत्रावर शिकत.

मात्र शिकण्याची संधी सगळ्यांना नव्हती. साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, मजुरी जास्त मिळे, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यात नवी कांडी घातल्यावर सुताचे टोक त्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि हा तोंडाचा स्पर्श सवर्ण कामगारांना चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला आणि विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना उघडण्याची मागणी संपाच्या मागण्यांत यावी असा आग्रह धरला. कामगार चळवळीतल्या अनेकांना हा विषय अडचणीचा वाटला. हे कामगार कमी मजुरीच्या खात्यांत राहिले, कारण साच्याजवळ त्यांना कोणी उभेच राहू देत नव्हते. बेकारीचे खापर कौशल्याच्या अभावावर फोडण्याची सवय पुढे रूढ झाली. तिच्याकडे पाहताना हा जुना दाखला विसरता येत नाही.

औपचारिक तंत्रशिक्षण सुरू झाले ते वरच्या जागांसाठी. गिरण्यांचे स्पिनिंग मास्तर, विव्हिंग मास्तर आणि इंजिनिअर सुरुवातीला लँकेशायरहून येत. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. गिरणीमालकांनी तिला मदत केली, कारण देशी मास्तर त्यांना स्वस्त पडणार होता. भायखळ्यात सुरू झालेली ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. तिथे वस्त्रनिर्मिती आणि यंत्रविद्या शिकलेले तरुण हळूहळू विलायती मास्तरांच्या जागी आले. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच संस्थेत शिक्षक होते. बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या माळावर आसपासच्या गावांतली माणसे हाताशी धरून त्यांनी कारागीर घडवले. साच्यावरच्या साध्या कामगाराला मात्र या संस्थेचा फारसा उपयोग नव्हता. तो जॉबरकडेच शिकत राहिला.

जॉबरची मक्तेदारी मोडायची हालचाल १९३० च्या दशकात सुरू झाली. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचे अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावेत अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण पद्धत आणली. निवडलेल्या बदली कामगारांना दर महिन्याला कार्ड द्यायचे, त्यांनी रोज सकाळी गिरणीच्या दारात हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, असा हा बेत होता. १९५० मध्ये तिला सरकारी योजनेची जोड मिळाली आणि बदली कामगारांची नोंद गिरणीबाहेर सरकारी यंत्रणेकडे होऊ लागली. कागदावर जॉबर बाजूला झाला. पण कार्ड कोणाला मिळावे याबाबत त्याचा शब्द बराच काळ चालत राहिला. नव्या माणसाला काम शिकवणारेही जुनेच होते, म्हणजे त्याचे नातेवाईक.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नात सरकारला ओढले. दारूगोळ्याच्या कारखान्यांना आणि लष्कराला फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन तातडीने हवे होते, म्हणून १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. काही तरुणांना ब्रिटनमध्ये शिकायला पाठवले गेले. तिथले कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ते ओळखले जात. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. रोजगार विनिमय केंद्रांची, म्हणजेच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची, बांधणी याच काळातली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचे महासंचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर निर्वासितांची सोयही त्याच यंत्रणेला पाहावी लागली, आणि नंतर ही केंद्रे सर्व बेकारांना खुली झाली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आज खेड्यापाड्यांत ठाऊक असलेली आयटीआय तिच्यातूनच वाढली. १९५६ मध्ये या संस्थांचा आणि रोजगार केंद्रांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला.

या रचनेत एक फट सुरुवातीपासून होती. अभ्यासक्रम आणि परीक्षा अखिल भारतीय परिषद ठरवी, संस्था राज्य सरकार चालवी, आणि नोकरी देणारा कारखानदार या दोघांच्याही बाहेर असे. १९५९ च्या कायद्याने सरकारी उपक्रमांवर आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा एक्स्चेंजला कळवण्याचे बंधन घातले. कळवण्याचे, भरण्याचे नव्हे. एक्स्चेंजने पाठवलेल्या उमेदवारांतूनच माणूस घ्यावा अशी सक्ती खासगी मालकावर कधीच नव्हती. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवले, कार्ड जपून ठेवले, ते वेळोवेळी नूतनीकरण करून आणले आणि ‘कॉल’ची वाट पाहिली. सरकारी खात्यांत भरती होती तोवर त्या कार्डाला थोडा अर्थ होता. खासगी नोकऱ्या मात्र ओळखीने, वशिल्याने किंवा गिरणीत बापाच्या जागी मुलगा या रिवाजाने भरल्या जात.

ही फट काही प्रमाणात बुजवली ती १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने. ठरावीक उद्योगांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, म्हणजे शिकवण्याची जबाबदारी निदान अंशतः मालकावर आली. पिंपरी-चिंचवडचा विस्तार आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती यांचा हाच काळ. टेल्को, बजाज, किर्लोस्कर अशा कंपन्यांना अचूक मापात काम करणारी माणसे हवी होती, आणि त्यासाठी स्वतःच्या शॉपफ्लोअरवर पोरांना शिकवायची त्यांची तयारी होती. आयटीआय झालेला मुलगा कंपनीत अप्रेंटिस लागणे आणि नंतर तिथेच कायम होणे ही साखळी पुण्याच्या पट्ट्यात पुष्कळ काळ टिकली. तिथे प्रशिक्षण आणि नोकरी यांचा मेळ बसला, आणि त्याचे श्रेय एकट्या अभ्यासक्रमाला देता येणार नाही. शेजारी वाढता कारखाना होता आणि त्याला शिकलेला माणूस स्वतःसाठी ठेवून घ्यायचा होता, हे कारण अधिक मोठे. वाढता कारखाना जवळ नसलेल्या तालुक्यांतले टर्नर आणि फिटर तेच प्रमाणपत्र घेऊन घरी बसले.

मुंबईत याच सुमारास कारकुनी नोकऱ्यांचा बाजार मोठा झाला होता. फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या कार्यालयांना इंग्रजी टंकलेखन आणि लघुलेखन येणारी माणसे लागत. दक्षिणेतून आलेल्या अनेक तरुणांकडे ते कौशल्य आधीपासून होते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने मराठी तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न हाती घेतला तो याच पार्श्वभूमीवर. दाक्षिणात्यांविरुद्धच्या घोषणा आणि हिंसा यांचाच इतिहास बहुतेक लिहिला जातो. त्याच प्रश्नाला शहरातून एक शांत उत्तरही मिळत होते : दादर-गिरगावातल्या जिन्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूट. सकाळ-संध्याकाळ तासातासाच्या बॅचेस, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या सरकारी परीक्षा, आणि मे १९६६ पासून राज्यकारभारात मराठीचा वापर सुरू झाल्यावर मराठी टंकलेखनाला आलेली मागणी यांमुळे हजारो मुला-मुलींना सरकारी कचेऱ्या, बँका आणि विमा कंपन्यांत पाय ठेवता आला. या वर्गांना सरकारी अनुदानाचा आधार नव्हता. परीक्षा काय मागते आणि नोकरी काय मागते यांत तफावत नव्हती, एवढ्यावर ते चालले.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. तो औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. संपानंतर कित्येक गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत आणि मोठ्या संख्येने कामगार कायमचे बाहेर फेकले गेले. वीस-पंचवीस वर्षे साचा चालवलेल्या माणसाला अकुशल कोणी म्हणू शकत नव्हते. काही जण भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. काम तेच होते, पण मजुरी कमी, पाळी लांब आणि संरक्षण कसलेच नाही. बाकीचे भाजीची गाडी, वॉचमनची नोकरी किंवा गावाकडची शेती यांत विखुरले. बायकांनी खानावळी आणि डबे यांवर घरे चालवली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाचा मार्ग मोकळा केला. लोअर परळच्या आवारांत मॉल, कार्यालये आणि उपाहारगृहे आली. तिथे सेल्समन, कॅशियर, हाउसकीपिंगचा मुलगा आणि सिक्युरिटी गार्ड लागत होते. चाळिशी-पन्नाशीच्या विणकऱ्याला त्यांत जागा नव्हती. त्याच्या मुलाला होती, पण त्या पगारात गिरगावात काय, डोंबिवलीतही घर होत नव्हते.

आर्थिक उदारीकरणाबरोबर येणारी बेकारी ओळखून केंद्राने फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. काम गेलेल्यांना नवे कौशल्य शिकवणे हा त्याचा एक उद्देश होता. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीच्या रकमांवर गेला आणि पुनर्प्रशिक्षण मागे पडले. शहरी गरिबांसाठी १९८९ ची नेहरू रोजगार योजना, १९९७ ची स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना आणि २०१३ चे राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान यांत नगरपालिकांमार्फत अल्प मुदतीचे वर्ग चालले. शिलाई, ब्युटीपार्लर आणि संगणक यांचे वर्ग काढणे सोपे होते, म्हणून तेच पुन्हा पुन्हा निघाले. एकाच वस्तीत शिवणकाम शिकलेल्या बायकांची संख्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त झाली तरी पुढच्या वर्षीचा लक्ष्यांक ठरलेलाच असे.

राज्याच्या एका उपक्रमाला मात्र विद्यार्थ्यांची वाण पडली नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्यापर्यंत पोहोचला. बहुतेक शासकीय नोकऱ्यांसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने मागणी नियमातूनच तयार झाली होती. त्यातून एका पिढीचा संगणकाशी परिचय झाला, हे खरे. पण अर्जासोबत जोडायचे प्रमाणपत्र म्हणून ते घेणारेही कमी नव्हते.

२००८ नंतर देशात कौशल्याला स्वतंत्र धोरणाचे स्थान मिळाले. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ, उद्योगांच्या क्षेत्रवार परिषदा, २०१४ मध्ये वेगळे मंत्रालय आणि २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना असा हा क्रम आहे. उद्योगांनीच कौशल्याची मानके ठरवावीत म्हणून परिषदा नेमल्या गेल्या. तरी २०१६ मध्ये शारदा प्रसाद समितीने या परिषदांच्या कारभारावर कडक टीका केली. वर्गांची संख्या आणि वाटलेली प्रमाणपत्रे मोजणे सोपे होते. नोकरी लागली का आणि टिकली का, हे मोजणे अवघड. त्यामुळे पैसाही पहिल्या मोजमापामागे गेला.

अप्रेंटिस कायद्यात २०१४ मध्ये बदल झाले आणि २०१६ मध्ये शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भार केंद्राने उचलायला सुरुवात केली. मालकाच्या जागेवर शिकवण्याच्या जुन्या मार्गाकडे धोरण परत वळले ते असे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना त्याच वळणाची आहे. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असे विद्यावेतन देऊन त्याला प्रत्यक्ष आस्थापनेत पाठवायचे, आणि हे पैसे शासनाने भरायचे. सुरुवातीची मुदत सहा महिन्यांची होती. मोठ्या संख्येने उमेदवार खासगी उद्योगांऐवजी सरकारी कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत गेले. मुदत संपत आल्यावर त्यांनी त्याच जागी कायम करण्याची मागणी लावून धरली, आणि पुढे ती मुदत ११ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली.